येसराच्या रश्शातली सोयावडी

मृगाचा पाऊस पडला की धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही पारावरचं बोलणं सोयाबीनवर येतं, ते दिवाळीपर्यंत सुटत नाही. पेरणी, दुबार पेरणी, तणनाशक, पिवळा मोझॅक, ऐन काढणीत कोसळणारा परतीचा पाऊस आणि शेवटी लातूरच्या बाजारातला भाव. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, तो प्रत्यक्षात पदरात पडतो का, यावर तर वेगळा लेख होईल. एवढी उठाठेव ज्या पिकासाठी, ते पीक आपल्या ताटात मात्र फारसं दिसत नाही. ते तेल होऊन बाटलीतून येतं, नाहीतर किराणा दुकानातून वडी होऊन पाकिटातून. आणि ती वडी आपण काय करतो? पुलावात टाकतो, वाटाण्याबरोबर टोमॅटोच्या रश्शात बुडवतो, आणि चघळताना म्हणतो, रबरासारखी लागते.

वडीचा यात दोष थोडा आहे. मुख्य दोष तिला दिलेल्या रश्शाचा. सोयावडीला स्वतःची चव जवळपास नसते, तिला ज्यात शिजवाल त्याची चव ती घेते. पातळ, कच्च्या टोमॅटोचं पाणी दिलं तर ती तेच पिऊन बसणार. मराठवाड्याकडे मात्र एक रस्सा असा आहे की त्याला मांसाची गरजच लागत नाही, आणि तो म्हणजे येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाचा. लग्नकार्याच्या पंगतीत येसराची आमटी वाढली की भाताचा डोंगर करून मधोमध आळं करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. हा लेख त्या येसरात सोयावडी घालून पोटभरीचं, पूर्णपणे वनस्पतीजन्य सूप कसं करायचं याबद्दल आहे. सूप म्हणा, रस्सा म्हणा, कालवण म्हणा. वाडग्यात घेऊन नुसतं प्यायलं तरी चालतं आणि भाकरी चुरून खाल्लं तर रात्रीचं दुसरं काही लागत नाही.

हे कुणासाठी? ज्यांनी दूध-तूपही सोडलंय अशा शहरातल्या मुलामुलींसाठी तर आहेच. पुण्या-मुंबईहून सुटीला आलेली नात 'मी व्हीगन आहे' म्हणते आणि आजी घाबरते, असं आता आपल्याकडेही घडायला लागलंय. पण त्याहून जास्त, ज्यांच्या गळ्यात माळ आहे आणि घरातल्या बाकीच्यांना मात्र रश्शाची तल्लफ येते, अशा घरांसाठी. श्रावण पाळणाऱ्यांसाठी. आणि सरळ सांगायचं तर, मटणाचा भाव ऐकून रविवारी पिशवी रिकामी घेऊन परतणाऱ्यांसाठी. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तिथं हे लिहायला थोडं धाडस लागतं, याची कल्पना आहे.

पहिली गोष्ट, मटणाची नक्कल करायला जाऊ नका. पाकिटावरचा 'मटण मसाला' घालून, डोळे मिटून, हे मटणच आहे असं समजायचं, हा खेळ पहिल्या घासालाच फसतो. आपल्या स्वयंपाकात बिनमांसाचे जड रस्से पूर्वीपासून आहेत आणि त्यांतला एकही कुणाची नक्कल म्हणून कानकोंडा होत नाही. उकळत्या रश्शात बेसनाचे गोळे सोडून केलेली डुबुकवडी घ्या, विदर्भ-खानदेशातली पाटवडी घ्या, जुन्नरकडची मासवडी घ्या, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या सांडग्यांची आमटी घ्या किंवा हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे. सोयावडी या पंगतीत सगळ्यांत शेवटी येऊन बसलेली. तिलाही याच रीतीनं वागवलं की ती नीट वागते.

ती येते कुठून ते थोडक्यात समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात. सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल. कारखान्यात तेल काढून घेतल्यावर जे उरतं त्यातल्या खाण्यायोग्य दर्जाच्या मालाचं पीठ करतात. ते पीठ पाण्याबरोबर मळून एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत पुढं ढकलतात. तोंडाशी आल्यावर दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुलून बाहेर पडतं. वडीला जी जाळी असते ती या वाफेनं पाडलेली. म्हणूनच ती स्पंजसारखी ओढून घेते, आणि म्हणूनच ती घरी करता येत नाही. तेल गेल्यामुळं तिच्यात प्रथिनं निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे १०० ग्रॅम सुक्या वडीत ५० ग्रॅमच्या वर. स्निग्धांश मात्र नावापुरता. मटणाच्या रश्शाला अंगचं तूप आणि हाडांचा चिकटपणा असतो. वडीकडं यांतलं काहीच नाही. ते आपल्याला बाहेरून आणायचंय.

आता गंमत बघा. हा रस्सा जड करायला लागतात हुलगे, तीळ, धने, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, करडईचं तेल. म्हणजे सोयाबीननं आपल्या रानातून ज्या पिकांना बांधाकडं ढकललं, नेमकी तीच. एकेकाळी कोरडवाहू रानात ही सगळी मिसळीनं असायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागात काम सुरू केलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं पुढं बायकांच्या हाती एक एकर द्या आणि त्यात आधी घरच्या खाण्याची पिकं घेऊ द्या, असा आग्रह धरला. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या एका एकरात कडधान्य, तेलबिया, भाजीपाला असं थोडं थोडं सगळं असतं. तुमच्याकडे असा तुकडा असेल तर या रश्शाचा निम्मा बाजार तिथंच झाला म्हणून समजा.

सुरुवात येसरापासून. घरात असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बचत गटांकडून विकत मिळतं, पण एकदा करून ठेवलं तर वर्षभराची काळजी मिटते. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं, तेव्हा खालचं प्रमाण हे एक चालणारं प्रमाण समजा. गहू एक वाटी, ज्वारी अर्धी वाटी, हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी, तांदूळ आणि उडदाची डाळ पाव पाव वाटी. धने अर्धी वाटी, जिरं दोन मोठे चमचे, सुकं खोबरं किसून अर्धी वाटी, सुक्या लाल मिरच्या आठ-दहा. चार लवंगा, चमचाभर मिरी, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन तमालपत्रं, मूठभर दगडफूल, थोडा हिंग, चमचाभर हळद.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण गहू तांबूस व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जिरं जळून कोळसा होतं. धान्य मंद आचेवर, हलवत, खमंग वास येईपर्यंत. गव्हाचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चिवट लागला तर अजून भाजायचा. खोबरं शेवटी, आणि ते तांबूस होताच काढायचं. दगडफूल आधी निवडा, झाडाच्या सालीचे आणि मातीचे कण त्यात असतातच. ते कढईत फक्त गरम होऊ द्या. सगळं पूर्ण गार झालं की गिरणीतून किंवा मिक्सरमधून काढा. गरम असताना दळलं की खोबऱ्याचं तेल सुटून पीठ डब्यात गोळा होतं. येसर फार मऊ नको, बोटांत किंचित रवाळ लागलं पाहिजे. कोरड्या बरणीत भरा. पावसाळ्यात ओला चमचा घालणाऱ्याला घरातून थोडा वेळ बाहेर उभं करायला हरकत नाही.

दुसरी तयारी हुलग्यांची. हाडांचा अर्क नाही तर रश्शाला आधार कशाचा, हा प्रश्न हुलगे सोडवतात. अर्धी वाटी हुलगे निवडून घ्या, आणि मनापासून निवडा, कारण हुलग्याच्या रंगाचा खडा हुलग्यात दिसत नाही. रात्रभर भिजवा. सकाळी सात वाट्या पाणी घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या करा. वाफ गेली की वरचं तांबूस पाणी गाळून घ्या, सहा वाट्यांच्या आसपास निघेल. हे झालं कढण. त्याला मातीचा, थोडा धुरकट असा जो वास असतो, तो या रश्शाचा कणा. शिजलेल्या हुलग्यांतले दोन मोठे चमचे बाजूला काढा, वाटणात जातील; बाकीची उसळ करा. हुलगे नसतील तर तुरीच्या वरणाचं वरचं पाणीही चालेल, पण मग रस्सा गोडसर होतो आणि चिंच वाढवावी लागते.

आता वडी. चार-पाच माणसांना १०० ग्रॅम सुकी वडी पुरते, मोठ्या आकाराची घ्या. मोठ्या भांड्यात दीड-दोन लिटर पाणी उकळा, त्यात चमचाभर मीठ आणि चिमूटभर हळद घालून वड्या सोडा. पाच-सात मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग चाळणीत ओतून वर गार पाणी घाला. इथून पुढचं काम बहुतेकजण उरकून टाकतात आणि फसतात. दोन तळव्यांमध्ये धरून प्रत्येक वडी घट्ट पिळायची. स्वच्छ पाण्यात टाकायची, पुन्हा पिळायची. पाण्याला फेस येणं थांबेपर्यंत, साधारण तीन वेळा. सोयाबीनचा जो कच्चा, हिरवट वास येतो तो दाणा दळताना त्यातल्या लायपॉक्सिजनेज नावाच्या विकराची स्निग्धांशावर क्रिया होऊन तयार होतो, आणि तेल काढल्यावरही त्याचा थोडा अंश पिठात राहतो. तो मसाल्यानं झाकला जात नाही, पाण्याबरोबरच जातो. शिवाय पिळून रिकामी केलेली वडीच पुढं रस्सा ओढून घेईल. आत पाणी भरलेलं असेल तर रस्सा जाणार कुठं?

पिळलेल्या वड्यांचे दोन दोन तुकडे करा. कापलेल्या बाजूनं मसाला आत शिरतो, आणि ताटात गोट्या लोळताना दिसत नाहीत. त्यांना एक चमचा काळं तिखट, अर्धा चमचा मीठ, चमचाभर आलं-लसणाचं वाटण, अर्ध्या लिंबाचा रस आणि चमचाभर कोरडं येसर चोळून वीस मिनिटं ठेवा. पाकिटांवर छापलेल्या पाककृती इथं दही घालायला सांगतात. लिंबू तेच काम करतं, आणि आपल्याला दूध-दही नकोच आहे.

मग लोखंडी कढईत किंवा तव्यावर दोन मोठे चमचे तेल घालून वड्या मध्यम आचेवर परता. घाई करू नका, आठ-दहा मिनिटं लागतात. कडा तांबड्या-तपकिरी होऊन किंचित कुरकुरीत झाल्या पाहिजेत. मटणाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यातला मोठा भाग हा प्रथिनं आणि साखर उष्णतेनं भाजली जाण्याचा असतो, आणि प्रथिनं वडीत भरपूर आहेत. ही एक पायरी वगळली तर बाकी सगळं नीट करूनही रस्सा पाणचट लागेल. तेल करडईचं असेल तर उत्तम, शेंगदाण्याचंही चालेल. लाकडी घाण्याचं तेल मात्र धूर येईपर्यंत तापवू नका.

वाटणासाठी दोन मध्यम कांदे सालीसकट जाळावर किंवा गॅसवर जाळी ठेवून काळे होईपर्यंत भाजा, जळकी साल काढून टाका. सुक्या खोबऱ्याचा अर्धा तळहात भरेल एवढा तुकडा तसाच भाजा. तो पेट घेतो, फुंकर मारायला तयार राहा. एक मोठा चमचा तीळ कोरडे भाजून घ्या. दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, कोथिंबिरीचे देठ, आणि बाजूला ठेवलेले हुलगे. हे सगळं थोड्या पाण्यावर अगदी मऊ वाटा. आधी वड्यांना चोळायचं आलं-लसणाचं वाटण यातूनच बाजूला काढलं असेल तर एक काम वाचतं. पाटा असेल आणि वाटणारं कुणी असेल तर काय विचारता! मिक्सरमध्ये करताना तीळ आणि खोबरं आधी कोरडंच फिरवून घ्या, म्हणजे दातात येत नाही. काजू-मगजाचं वाटण इथं घालू नका. ते हॉटेलच्या गोडसर रश्शाचं काम.

भगुण्यात तीन मोठे चमचे तेल तापवा. तेल कमी करायचा मोह होईल. पण वडीत स्निग्धांश नाही, वाटणातल्या तीळ-खोबऱ्याचं आणि हे तेल मिळूनच रश्शाला अंग येतं. ज्यांना डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय त्यांनी वरचा तवंग पळीनं काढून दुसऱ्याच्या वाटीत सोडावा, दोघंही खूष. वाटण घालून सात-आठ मिनिटं, कडेनं तेल सुटेपर्यंत परता. मग आच अगदी बारीक करून दोन चमचे काळं तिखट आणि पाव चमचा हळद घाला, आणि लगेच पळीभर कढण. तिखट तेलात क्षणभरच तळायचं असतं. जळलं तर रस्सा कडू आणि घरभर ठसका. आता उरलेलं कढण आणि दोन वाट्या पाणी, दोन्ही गरम करूनच, ओता. गार पाणी ओतलं की तर्री मोडते.

उकळी फुटली की येसर. तीन मोठे चमचे येसर वाटीभर गार पाण्यात कालवून, गुठळी राहिली नाही ना ते बोटानं बघून, एका हातानं धार धरत आणि दुसऱ्या हातानं ढवळत घालायचं. डब्यातून थेट उकळत्या रश्शात टाकलेलं येसर गुठळ्या होऊन तरंगतं, आणि त्या गुठळ्या फोडत बसणं हा फार मोठा वैताग आहे. आच मंद करून दहा मिनिटं शिजू द्या. सुरुवातीला रस्सा पातळ वाटेल, आणखी येसर घालावंसं वाटेल. थांबा. भाजलेलं धान्य सावकाश फुगतं.

याच वेळी शेवग्याच्या एका-दोन शेंगांचे तुकडे घाला. हे माझं ठाम मत आहे: मटण खाणाऱ्याला मांसाइतकीच हाड चोखायची सवय असते, आणि ती सवय शेवगा भागवतो. हिवाळा असेल तर छोटी काटेरी वांगी चिरा देऊन घाला. बटाटा नको, तो मीठ-मसाला खाऊन रस्सा मवाळ करतो.

शेंगा अर्ध्याअधिक शिजल्या की परतलेल्या वड्या सोडा, झाकण ठेवा, बारीक आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. शेवटी चिंचेचा कोळ, बोराएवढ्या चिंचेचा पुरे. लातूरकडची पानचिंचोलीची पटडी चिंच हाताशी असेल तर थोडी कमीच घ्या आणि चाखून वाढवा. मीठही आत्ताच, चाखून. वड्यांत आणि चोळलेल्या मसाल्यात ते आधीच गेलेलं आहे. भरपूर कोथिंबीर, झाकण, आणि गॅस बंद करून वीस मिनिटं कुणालाही हात लावू देऊ नका. या वीस मिनिटांत वडी आतपर्यंत रस्सा ओढते. गॅसवरून थेट वाढलेल्या आणि मुरलेल्या वडीत जो फरक पडतो तो खाणाऱ्याला लगेच कळतो.

वाढताना ज्वारीची भाकरी, हातानं फोडलेला कांदा, लिंबू, आणि जवसाची किंवा कारळाची चटणी. सूप म्हणून नुसतं प्यायला हवं असेल तर येसर एक चमचा कमी करा आणि वड्या आणखी बारीक चिरा. लहान मुलांसाठी मोठ्या वडीऐवजी सोयाचा चुरा मिळतो तो घ्या, तिखट अर्धं करा आणि गुळाचा खडा टाका. दात नसलेल्या आजोबांनाही हाच चुरा, भाकरी रश्शात दहा मिनिटं भिजवून.

दूध-तूप पूर्ण वर्ज्य असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या रश्शात दुधाचं काही नसतं, पण वाढणारी माऊली सवयीनं भाकरीला तुपाचं बोट लावते. बाहेरून आणलेल्या तयार पदार्थांवरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहाराचा. त्यात दूध, खवा, मध असू शकतो. पूर्ण वनस्पतीजन्य अन्नासाठी देशात २०२२ साली वेगळे नियम झाले आणि हिरव्या इंग्रजी व्ही अक्षराचं, पान असलेलं चिन्ह ठरलं. सोयाचाप किंवा गोठवलेले 'कबाब' घेताना ते शोधा. साध्या सोयावडीच्या पाकिटात सोयाच्या पिठाशिवाय सहसा काही नसतं.

पोषणाचा हिशेब सोपा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये सांगितलेलं प्रौढांसाठीचं प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वरच्या रश्शातून माणशी दहा-बारा ग्रॅम मिळतात, दोन भाकऱ्यांतून तेवढीच आणखी. एका जेवणात निम्म्याजवळ गेलो. बी-१२ मात्र यात नाही, कुठल्याच वनस्पतीजन्य अन्नात भरवशानं नसतं; दूधही सोडलेल्यांनी त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर लागतं, तेही विचारून घ्या. आणि ज्यांना सोयाची ॲलर्जी आहे त्यांनी हा सगळा खटाटोप सांडग्यांवर करावा, छान होतो.

शेतकऱ्यांच्या घरांसाठी एक वेगळी सूचना, आणि ती गांभीर्यानं घ्या. घरात पोतंभर सोयाबीन असताना वडी विकत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी सोयाबीन जेवणात आणायचे प्रयोग केले होते आणि 'हरिजन'मधून त्याबद्दल लिहिलं होतं. तेव्हा कल्पना नवी नाही. पण पेरून उरलेलं बियाणं खायला कधीही घेऊ नका. त्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं, धुऊन ते जात नाही. खायचं असेल तर शेतातून आलेलं, बीजप्रक्रिया न केलेलं, बुरशी न लागलेलं सोयाबीन घ्या. दहा-बारा तास भिजवा, ते पाणी फेका, टरफलं काढा, आणि दाणा बोटानं सहज चिरडेपर्यंत शिजवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते चांगल्या उष्णतेनंच निष्प्रभ होतात. कच्चं सोयाबीन गव्हात टाकून दळून आणतात त्यांनाही हेच सांगणं; आधी उकळून, वाळवून, मगच गिरणीत. असा शिजवलेला दाणा वडीऐवजी याच येसरात घालता येतो. त्याला वडीचा चावरेपणा नाही, पण आमटी म्हणून फक्कड लागते. सोयाबीनचं दूध काढून, नासवून घरी टोफू करत असाल तर तो वजनाखाली तासभर दाबून, तव्यावर लाल करून घाला. उकळवू मात्र नका.

पंगतीसाठी करायचं झालं तर पन्नास माणसांना सव्वा किलो सुकी वडी, एक किलो हुलगे, दोन किलो कांदा, तीनशे ग्रॅम खोबरं, पाऊण लिटर तेल आणि चारशे-साडेचारशे ग्रॅम येसर, एवढ्यात तेरा-चौदा लिटर रस्सा होतो. मीठ आणि तिखट दहापटीनं वाढवू नका. हिशेबाच्या दोन तृतीयांशापासून सुरू करा आणि चाखत जा. सव्वा किलो वडी पिळायला तीन-चार हात लागतात, ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. पिळलेल्या वड्या फ्रीज नसेल तर रात्रभर ठेवू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. पंगत लांबली की चुलाणावरचा रस्सा घट्ट होत जातो, कारण येसर फुगत राहतं आणि वडीही पीत राहते. म्हणून शेजारी गरम पाण्याचं एक पातेलं सतत असू द्या, आणि वड्या एकदम न सोडता प्रत्येक पंगतीच्या वीस मिनिटं आधी त्या पंगतीपुरत्याच सोडा.

उरलेला रस्सा फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी तो पिठल्यासारखा घट्ट झालेला दिसेल. त्यात वाटी-दीड वाटी उकळतं पाणी आणि थोडं मीठ घालून पूर्ण उकळी आणा, वरून लिंबू पिळा, आणि शिळी भाकरी आधीच चुरून ठेवा.